आधाराचा रकाना

मंगळवारी सकाळी पाव घेऊन घरी परतत असताना नगरपालिकेच्या चौकातल्या चिलखती गाडीवर मला माझ्याच हाताचा एक झटका दिसला. झटका अडतीस वर्षांपूर्वीचा होता. त्या वेळी त्याची लांबी दीड मिलिमीटर होती. आता ती सव्वापाच सेंटिमीटर झाली होती. हा हिशेब मी तिथेच, पावाची पिशवी छातीशी धरून, मनातल्या मनात केला, कारण तीस वर्षे तांत्रिक शाळेत रेखाचित्रकला शिकवलेल्या माणसाला एकास पस्तीस हे प्रमाण समोर आले की गुणाकार आपोआप होतो. घाबरलेला असला तरी होतो. गाडीवरची ताडपत्री त्या सकाळी काढली होती. बुटकी, उतरत्या पत्र्यांची, बुरूज नसलेली ती गाडी नव्या दगडी चौथऱ्यावर बसली होती. तोफेच्या जागी चौकोनी पत्रा, पत्र्यामधून बाहेर आलेली मशिनगनची नळी, आणि डाव्या बाजूच्या उतारावर पांढऱ्या रोमन अक्षरांत एक नाव: आनेश्का. त्या नावातल्या के अक्षराची खालची तंगडी ओळीबाहेर घसरून खाली लोंबत होती. रंगारी शिडीवर बसून तिच्याच कडा कोरत होता. मी बहुधा फार वेळ उभा राहिलो असेन, कारण त्याने ब्रश थांबवून वरूनच विचारले, "काय आजोबा, वाकडं दिसतंय ना? सकाळपासून सतरा जणांनी सांगितलं." मी मान हलवली. "चुकलेलं नाहीये ते," तो म्हणाला, "मुद्दाम आहे. मूळ गाडीवर अस्संच होतं. म्युझियमवाल्यांनी कागद दिलाय, मोजून काढायला लावलं. एक सेंटिमीटर इकडे-तिकडे चालायचं नाही म्हणे." आणि मग, माझ्या चेहऱ्याकडे पाहून, जरा सौम्यपणे, "घाईत लिहिलं असेल हो बिचाऱ्यांनी. वर गोळ्या चालू असणार."

वर गोळ्या चालू नव्हत्या. वर आमच्या स्वयंपाकघरातला दिवा होता, आणि शेजारी कांद्याच्या सुपाचा वास. मी टेबलाशी बसून, सहाव्या नंबरच्या ब्रशमधून उपटून उरवलेल्या चार केसांनी गाडीच्या छोट्या प्लास्टिक मॉडेलवर ते नाव लिहीत होतो. आ झाला, ने झाला, श झाला, के ची उभी रेघ आणि वरचा हात झाला, खालची तंगडी सुरू केली तेव्हा बाबा मागून आले आणि म्हणाले, "काय लिहितोयस?" एवढेच. आवाजात राग नव्हता, संशयही नव्हता. पण माझा हात घसरला. ती घसरण मी पुसू शकलो असतो. ओल्या रंगावर टर्पेंटाईनचा बोळा फिरवायला दोन सेकंद लागतात. मी पुसली नाही, कारण पुसायला घेतले असते तर बाबांच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागले असते. पुढे एका मासिकाने त्या मॉडेलवरून गाडीचे रेखाचित्र छापले तेव्हा लेखकाने त्या तंगडीबद्दल लिहिले की ती 'त्या दिवसांतल्या घाईची हृदयस्पर्शी खूण' आहे. त्या रेखाचित्रावरून कोणीतरी मॉडेलवर चिकटवायची छापील अक्षरे काढली. ती अक्षरे चिकटवलेली गाडी मी ब्रनोच्या प्रदर्शनात पाहिली, पोलंडमधल्या एका माणसाच्या टेबलावर पाहिली, आणि दर वेळी ती वाकडी तंगडी मला ओळख दाखवत असे; समारंभात लांबून हात हलवणारा, ज्याचे नाव घेणे आपण टाळतो असा एखादा नातेवाईक असतो, तशी. पण ती सगळी टेबलावरची गोष्ट होती. खऱ्या लोखंडावर ती चढेल, हे माझ्या मनात कधी आले नव्हते. की आले होते?

पितळी पाटी चौथऱ्याच्या पुढच्या बाजूला होती, आणि तिच्यावर महायुद्धाच्या शेवटच्या मे महिन्यातल्या उठावात या गाडीतून लढलेल्या तिघांची नावे. दोन नावे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात: एक जण गाडी बाहेर पडली त्याच दिवशी पुलाशी मारला गेला, दुसरा तीन वर्षांनी देश सोडून गेला आणि तिकडेच संपला. तिसरे नाव, चालकाचे, आलोइस व्होत्रुबा. माझे वडील. त्यांना आयुष्यभर सायकलसुद्धा नीट चालवता आली नाही.

"प्रोफेसर," कोणीतरी म्हणाले. बाकावर, लिंडनच्या झाडाखाली, क्वेता नेदोमोवा बसली होती. तिला मी चेहऱ्याने ओळखत होतो. आमच्या शाळेच्या भोजनगृहात ती कित्येक वर्षे वाढायला असे, आणि कोबीचे लोणचे माझ्या ताटात नेहमी दुप्पट टाकत असे, कारण एकदा मी ते आवडते म्हटले होते. आता ती चौऱ्याऐंशीची होती; काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ती गाडीकडे पाहत होती. "बसा ना," ती म्हणाली. "तुमच्याच वडिलांची गाडी. तुम्ही उभे आणि मी बसलेली, बरं नाही दिसत." मी बसलो. पाव गरम होता. पिशवीतून मांडीला लागत होता. ती म्हणाली, "एक विचारू? रागावू नका. तुमचे वडील माझ्या बाबांबद्दल कधी काही बोलले का हो? मातोउश नेदोमा. गॅरेजमध्ये होते." मी विचारले, "का?" "काही नाही. बाबा म्हणायचे की ही गाडी त्यांनी चालवली. म्हणजे घरी म्हणायचे. बाहेर बोलायची सोय नव्हती, त्यांना पुढे नव्या राजवटीनं खाणीत पाठवलं ना, माणूसच यादीतून काढून टाकला. पण मी पाच वर्षांची होते आणि मला आठवतं, ते घरी आले तेव्हा त्यांचे दोन्ही तळवे लाल होते. आई किंचाळली. तिला वाटलं रक्त. ते म्हणाले, अगं रंग आहे, कारखान्यातून गाडी अर्धी बनलेली बाहेर काढली, गंज लागू नये म्हणून फासतात तो लाल रंग, अजून ओला होता. रॉकेलनं चोळचोळ चोळले. आठवडाभर नखं लाल." ती थोडी हसली. "मी सांगितलं हे म्युझियममधल्या बाईंना. ती गाडी लाल होती, नाव-बिव काही नव्हतं, बाबा म्हणायचे की खडूनं दोन शब्द लिहायलाही वेळ मिळाला नाही. त्या चांगल्या आहेत हो, कॉफी दिली. पण म्हणाल्या, आजी, प्रोफेसर व्होत्रुबांकडे फोटोचा आधार आहे, आणि तुमच्याकडे आठवण आहे." मी पावाची पिशवी मांडीवर सरकवली. "बरोबर आहे त्यांचं," क्वेता म्हणाली. "पाच वर्षांच्या पोरीला काय कळतं. बाबांनी शेजारच्या कुणाचं कुंपण रंगवलं असेल, आणि मला मोठेपणा सांगितला असेल. बाप माणसं सांगतात असं. मी इतकी वर्षं त्यांच्या थडग्यावर दर मे महिन्यात झेंडूचं फूल ठेवून यायची, ह्या वर्षी नाही गेले. राग आला हो त्यांचा." मग पुन्हा, हलकेच, "तर, बोलले होते का तुमचे वडील? दोघं बरोबर होते का आत?" मी म्हणालो, "नाही. बाबा कधी त्याबद्दल बोलले नाहीत." वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. ते वाक्य तोंडातून निघताना जीभ इतकी सराईतपणे वळली की मला तिची किळस आली.

घरी येऊन मी कपाट उघडले. मॉडेल काचेच्या डब्यात होते. ज्यांनी हे काम कधी केले नाही त्यांना वाटते की संच उघडायचा, तुकडे चिकटवायचे, रंग द्यायचा. आणि तसे करणारेही असतात. पण आमच्या मॉडेलकारांच्या मंडळात त्याला कोणी मॉडेल म्हणत नसे. संच म्हणजे निव्वळ कच्चा माल. तो संच कारखान्यातून पूर्ण होऊन बाहेर पडलेल्या गाडीचा होता, आणि आमची गाडी अर्धवट होती. म्हणून मी तोफ कापून टाकली, भोकावर प्लास्टिकचा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा बसवला, पुट्टीचा धागा वळून त्यावर ब्रशच्या टोकाने टोचे मारून जोडकामाची ओबडधोबड कड काढली. चिखलपत्रे संचात वहाणेच्या तळव्याएवढे जाड होते. ते मी आतून खरवडून कागदासारखे केले. साखळीपट्ट्याची कडी न् कडी सुटी करून वरच्या बाजूला ओघळ दिला, कारण खरे लोखंड वजनाने ओघळते, प्लास्टिक ओघळत नाही. सगळे एका फोटोवरून. शहरात त्या गाडीचा एकच फोटो आहे, समोरून काढलेला, पुलाजवळचा. जे फोटोत दिसते ते सगळे मी खरे केले होते, आणि आजही भिंग घेऊन कोणी आले तर त्यात चूक सापडणार नाही. पण बाजू दिसत नव्हत्या. बाजूचे उतरते पत्रे मोठे, सपाट, रिकामे. मॉडेल समोरून बोलत होते आणि बाजूने मुके होते. आठवडाभर मी त्या रिकाम्या पत्र्याकडे पाहत राहिलो. मग एका संध्याकाळी मी तिथे आईचे नाव लिहिले. मी स्वतःला सांगितले की ते सौंदर्यासाठी आहे. ते सौंदर्यासाठी नव्हते. मी पस्तीस वर्षांचा होतो, आणि मंडळातल्या प्रत्येकाचा बाप किंवा काका त्या मे महिन्यात कुठे ना कुठे होता: बॅरिकेडवर, पुलावर, रेडिओच्या इमारतीत, आणि माझा बाप तळघरात होता.

आमच्या मंडळात एक रीत आहे. स्पर्धेच्या टेबलावर मॉडेलजवळ प्रवेशिकेचे कार्ड ठेवायचे, आणि संचात जो जो बदल केला त्याच्यापुढे 'आधार' या रकान्यात लिहायचे: कुठला फोटो, कुठले चित्र, कोणी पाहिले. आधाराशिवाय एक खिळासुद्धा चालत नाही. ही रीत आमच्याकडे धर्मासारखी पाळली जाते. माणसे बायकोशी खोटे बोलतात, साहेबांशी खोटे बोलतात, पण त्या रकान्यात बोलत नाहीत. म्हणूनच त्यावर कोणी शंका घेत नाही. मी लिहिले: डाव्या बाजूचे नाव, आधार: कौटुंबिक छायाचित्र, मूळ प्रत हरवली. पहिले बक्षीस मिळाले. आईचे नाव आणि घरचा फोटो, म्हणजे गाडी चालवणारे माझे वडीलच, असे सगळ्यांनी धरले. घरी आल्यावर बाबांनी चष्मा लावला, मॉडेल दोन्ही हातांनी डोळ्यांजवळ धरले आणि पुष्कळ वेळ पाहिले. "छान झालंय रे," ते म्हणाले. मग चष्मा काढून घडी घालत, "पण बोहूश, मी तर तळघरात होतो." मी म्हणालो, "बाबा, कुणाला कळणार आहे?" ते म्हणाले, "मला." आणि जेवायला बसले.

वसंतात नगर समितीचे लोक उठावाच्या स्मृतिदिनाचे आमंत्रण घेऊन आले. बाबांनी माझ्यादेखत त्यांना तीनदा सांगितले, "मी काही केलं नाही हो. खरंच काही केलं नाही." समितीच्या माणसाने माझ्याकडे वळून हसत म्हटले, "ही जुनी माणसं अशीच. स्वतःचं सांगायचंच नाही." आणि मी हसलो. एवढेच माझे कृत्य. खोटे मी एकदाच लिहिले; पण ते हसणे मी आजवर किती वेळा पुन्हा हसलो असेन, झोपेत, आरशासमोर, वर्गात पाठ वळवून फळ्यावर रेघ ओढताना. बाबा सात वर्षे, दर मे महिन्यात, पहिल्या रांगेत, कोटाला लाल कार्नेशन लावून उभे राहिले. त्यांनी दारूच्या दुकानात जाणे सोडले, कारण तिथे लोक त्यांना ग्लास पाजत आणि पुलाची गोष्ट विचारत. रविवारचे पत्ते सोडले. शेवटच्या आजारात नर्सने 'आमचे वीर कसे आहेत' म्हटले तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केले. तळघराची त्यांना लाज नव्हती. तळघराबद्दल ते मोकळेपणी सांगत, मी लहान असताना कितीदा सांगितले होते. लाज मला होती, आणि मी ती त्यांच्या कोटाला फुलासारखी टाचून दिली.

बुधवारी मी मॉडेलवरचा रंग काढला. स्पिरिटमध्ये बुडवून दात घासायच्या जुन्या ब्रशने घासले की अडतीस वर्षांचा रंगही सुटतो. आधी वरचा मातकट हिरवा, मग पिवळा, स्पिरिट डबक्यासारखे झाले. आनेश्का निघाली. पण के च्या तंगडीखाली ब्रशच्या केसांभोवतीच्या पत्र्याची कड प्लास्टिकमध्ये रुतली होती, आणि तिथे केसासारखा ओरखडा उरला. मी पॉलिश कागद हातात घेतला आणि खाली ठेवला. मग सगळ्या गाडीला लाल रंगाचा एकच फवारा दिला, गंजरोधक, मंद, विटेसारखा. फोटो काळापांढरा होता. सावलीचा करडा रंग मी हिरवा समजलो होतो, आणि आता फोटो शेजारी ठेवून पाहिल्यावर तो लाल का असू शकत नाही याला माझ्याकडे एकही कारण नव्हते. बाजूच्या पत्र्यावर एखाद्या तळव्याचा पुसट ठसा उमटवावा असे मनात आले. पाच मिलिमीटरचा ठसा. सुंदर दिसला असता. मी ब्रश उचललासुद्धा. पण क्वेताने हात लाल असल्याचे सांगितले होते, ठसा सांगितला नव्हता. पत्रा रिकामा ठेवला.

गुरुवारी दुपारी चारला मंडळ नेहमीप्रमाणे बिअरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जमले होते. लुमीर आमचा मुख्य परीक्षक. दातांचा डॉक्टर होता, निवृत्तीनंतर दात पाहायचा छोटा आरसा मॉडेलच्या पोटाखाली घालून पाहतो. "आ करा," तो प्रत्येक गाडीला म्हणतो, आणि लोक दर वेळी हसतात. माझी लाल गाडी पाहून तो म्हणाला, "काय हे प्रोफेसर, म्हातारपणी बीट खायला घातलंस का पोराला? रंगवायचा कंटाळा आला तर सांगायचं, मी येतो." "कार्ड वाच," मी म्हणालो. त्याने व्हिनेगरमधल्या सॉसेजचा तुकडा तोंडात टाकला, बोटे रुमालाला पुसली आणि नेहमीसारखे मोठ्याने वाचायला लागला. "लाल रंग, आधार: क्वेता नेदोमोवा, चालक मातोउश नेदोमा यांची मुलगी; वडिलांचे तळवे. डाव्या बाजूचे नाव, काढून टाकले. पूर्वीचा आधार..." इथे त्याचा आवाज खाली आला, पण तो थांबला नाही, परीक्षकाने कार्ड पूर्ण वाचायचे असते. "पूर्वीचा आधार: काही नाही. छायाचित्र कधीच नव्हते. नाव माझ्या आईचे. वडील गाडीत नव्हते. बोहुमिल व्होत्रुबा." कोणीतरी म्हणाले, "थट्टा आहे का ही?" लुमीरने आरसा खिशात ठेवला. "मी ती गाडी तीनदा केली," तो म्हणाला. "तीनदा, बोहूश. ती तंगडी बरोबर वाकडी यावी म्हणून मी श्वास रोखून धरायचो." "ठाऊक आहे." "ठाऊक आहे म्हणे! शेजारी बसून बघायचास तू. एकदा तर म्हणालास, अजून जरा खाली घे." ते मी विसरलो होतो. तो बोलला आणि आठवले. मी खरेच तसे म्हणालो होतो. त्याने माझा ग्लास माझ्यापुढे सरकवला, पण स्वतःचा त्याला लावला नाही. "म्युझियमला कोण सांगणार?" "सकाळी सांगून आलो. त्या बाई म्हणाल्या, शनिवारच्या अनावरणापर्यंत काही होण्यासारखं नाही. आमंत्रणं गेलीत, पाटी बसलीय. नंतर बघू म्हणाल्या." "नंतर," लुमीर म्हणाला. "नंतर म्हणजे कधीच नाही, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार?"

शुक्रवारी क्वेता त्याच बाकावर होती. मी डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि कार्ड तिच्या हातात दिले. तिने पर्समधून चष्मा काढला. एक काडी चिकटपट्टीने जोडलेली होती. ती फार सावकाश वाचत होती, ओठ हलवत, आणि तिचे ओठ 'तळवे' या शब्दावर थांबले ते मला दिसले. शेवटपर्यंत वाचून ती पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. मला वाटले ती रडेल, किंवा मला काठीने मारेल. दोन्हींसाठी मी तयार होतो, दोन्हींची मला एक प्रकारची आशा होती. ती म्हणाली, "मंगळवारी विचारलं तेव्हा इथंच बसला होतात." "हो." "पाव होता हातात." "हो." "आणि मी तुम्हाला म्हटलं की बाबांचा राग आला." मी मान खाली घातली. तिने गाडीचा डबा उचलून माझ्याकडे परत सरकवला. "हे तुमचं तुम्हाला. माझं घर लहान आहे. हे कार्ड राहू द्या माझ्याकडे," ती म्हणाली, आणि कार्डाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. ती उठताना मी हात पुढे केला; तो तिने घेतला नाही. चार पावले जाऊन वळली. "उद्या पहिल्या रांगेत उभे राहा, प्रोफेसर. तुम्हाला बोलवतील बोलायला. फूल लावू नका."

शनिवारी ऊन होते. बँड वाजला, महापौर बोलले, समारंभापुरता घातलेला पडदा ओढला गेला, आणि के ची तंगडी साऱ्या शहरासमोर लोंबत उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्नेशनची टोपली फिरली तेव्हा मी नको म्हणालो, तर टोपलीवाल्या बाई पुटपुटल्या, "वडिलांसारखेच आहेत, साधे." तिसऱ्या रांगेत लुमीर होता, हाताची घडी घालून. क्वेता बाकावरच बसून होती. पर्स तिने दोन्ही हातांनी धरली होती. मग चालकाच्या मुलाने दोन शब्द बोलावेत असे जाहीर झाले, आणि मी माइकपाशी गेलो. माझ्याजवळ कागद नव्हता. समितीतला एक माणूस माझ्याकडे पाहून हसत होता, तेच समजूतदार, कौतुकाचे हसू, आणि माझे ओठ अडतीस वर्षांच्या सवयीने त्याला उत्तर द्यायला फाकले. ते मी मिटले. मिटायला बराच वेळ लागला असावा, कारण बँडमधले लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"माझे वडील," मी म्हणालो, आणि माझा आवाज समोरच्या घरांवर आपटून परत आला, "उठावाच्या त्या चार दिवसांत आमच्या घराच्या तळघरात होते. बटाट्यांच्या ढिगामागे. त्यांच्या कोटाच्या आत माझी बहीण होती, सहा दिवसांची. ती रडली की ते तिच्या तोंडात स्वतःचं बोट देत असत. ही गाडी दुसऱ्या माणसानं चालवली. त्याची मुलगी तिथं, त्या बाकावर बसली आहे."